सगळेच पाच

ब्रसेल्समध्ये युरोपच्या खासदारांकडे आपली बाजू मांडणाऱ्या कुठल्याही संघटनेच्या प्रतिनिधीला विचारा, तुम्ही डावे की उजवे? शून्य म्हणजे कट्टर डावे, दहा म्हणजे कट्टर उजवे. उत्तर ठरलेलं : पाच. सिमेंटवाले पाच, पक्षिमित्र पाच, दारू गाळणारेसुद्धा पाचच! मेंढपाळ संघाची हेरलिंडे गेली अकरा वर्षं तेच सांगत आली होती.

त्या दिवशी भरदुपारी धुकं उतरलं. युरोपीय संसदेमागच्या तळ्यात बदकं पाण्यावर तरंगतायत की धुक्यावर, कळत नव्हतं. बाकावर तिच्या शेजारी विद्यापीठातला संशोधक ओंद्रेय बसला होता. संघटना खासदारांना जी पत्रं लिहितात, त्यांतल्या शब्दांवरून त्याने प्रत्येकीचा कल काढला होता.

"आम्ही कुठे?" तिने विचारलं.

"बरोब्बर पाच!"

हेरलिंडेचा जीव भांड्यात पडला. उद्या वार्षिक सभा होती. संघ उभा करणारे पिरेनीज डोंगरातले म्हातारे एनेको यांनी तिला बजावलं होतं, "आपण कुणाच्या बाजूचे ते एकदा सांग, नाहीतर मी निघालो." तिचा त्यांच्यावर बापावर असावा तसा जीव होता. ते जाऊ नयेत, एवढंच तिला हवं होतं; आता 'आपण अगदी मधले' असं पुराव्यानिशी सांगता येणार होतं.

"पण बाई," ओंद्रेय हळूच म्हणाला, "पाचावर तुमचं एकही पत्र नाही. निम्मी दोनावर, निम्मी आठावर. ही आपली सरासरी."

ती हसायला गेली, पण हसू आलं नाही. डाव्यांना लिहिताना ती कुरणांना 'सगळ्यांची' म्हणायची, उजव्यांना लिहिताना 'बापजाद्यांची'. त्यात लाज कसली, इथे सगळे तेच करतात. तरी धुक्यात तिला ती दोन्ही कुरणं दिसू लागली. एकाला कुंपण होतं, एकाला नव्हतं, आणि दोन्हींत मेंढ्या त्याच चरत होत्या. ओंद्रेय कधी उठून गेला, तिला कळलंही नाही.

मग तिने एनेकोंना फोन लावला आणि एक डाव्यांना, एक उजव्यांना लिहिलेलं, अशी दोन पत्रं वाचून दाखवली. पलीकडे मेंढ्यांच्या गळ्यातल्या घंटा वाजत होत्या.

"झकास लिहितेस गं पोरी," ते म्हणाले. "आता सांग, यातलं तुझं कुठलं?"

तिने दोन्ही पुन्हा वाचली. खालची सही तिचीच होती.

"काका, मला नाही माहीत."

"असं? मग इतकी वर्षं मी कुणाच्या संघात होतो गं?"

ते रागावले नव्हते. खरोखरच विचारत होते.