ताटात दिसणारं इंग्रजी

रत्नप्रभाने पाहुण्यांपुढचं ताट उचललं आणि मोरीकडे नेता नेता सुनेला दाखवलं.

“बघ. तिसऱ्या तशाच, एक शिंपली रिकामी नाही. ती बाई काय म्हणाली होती?”

“इंटरेस्टिंग म्हणाली, आई. आवडलं असणार.”

“डोंबल आवडलं! इंटरेस्टिंग म्हणजे परत वाढू नका.”

मनोरीच्या आपल्या चार खोल्यांच्या कॉटेजमध्ये भाड्याने उतरणाऱ्या पाहुण्यांना जेवू घालायला लागून रत्नप्रभाला अठरा वर्षं झाली होती. शाळा सातवीतच सुटली, पण इंग्रजी ती ताटं बघून शिकली. ‘ओ माय गॉड’वाले फोटो काढत बसतात आणि बोंबील गार करतात. कपाळाला आठ्या घालून ‘नॉट बॅड’ म्हणणारा म्हातारा तिसऱ्यांदा भात मागतो. आणि ‘नो वरीज, नो वरीज’ असं कुणी दोनदा म्हणालं, की समजावं, माणूस चिडलाय. गावातली कॉलेजात शिकलेली पोरं याला हसायची. हसेनात का! तिचा अंदाज कधी चुकला नव्हता.

ऋतिका लग्न होऊन आली त्याला तीन महिने झाले होते. मरोळच्या ऑफिसातली नोकरी तिने सोडली. रोज फेरीबोटीने मार्वेला जायचं आणि तिथून पुढे अंधेरीतलं मरोळ गाठायचं, हे जमणार नाही असं तिच्या नवऱ्याने, सुयोगने ठरवलं. खरं सांगायचं तर ते रत्नप्रभाच्या पथ्यावरच पडलं. पोरगी कामाची होती. फोन घ्यायची, खोल्या लावायची, पाहुण्यांशी फाडफाड बोलायची. आपल्यामागे हे सगळं हिच्याच हाती द्यायचं, हे रत्नप्रभाने मनाशी पक्कं केलं होतं.

त्या दिवशी सकाळीच जुन्या ऑफिसातून फोन आला. ‘नो, नो, आय एम गुड! ऑल गुड!’ ऋतिका हसत म्हणाली.

“परत ये म्हणतात,” फोन ठेवून तिने सांगितलं. “संध्याकाळपर्यंत विचार कर म्हणाले. मी नाही म्हटलं.”

रत्नप्रभाचा जीव भांड्यात पडला.

दुपारी सुयोग पाहुण्यांना जेट्टीवर सोडायला गेला, तेव्हा कुठे दोघी जेवायला बसल्या. सुरमईचा मधला तुकडा रत्नप्रभाने सुनेसाठी मुद्दाम राखून ठेवला होता.

“कसं झालंय?”

“वॉव, आई! सुपर!”

रत्नप्रभा खूश झाली. मग सवयीने तिची नजर खाली गेली. भाताच्या ढिगाखाली सुरमई सरकवलेली होती, अख्खीच्या अख्खी. भातही चिवडून ठेवलेला. जगाची ताटं बघण्याच्या नादात घरातलं हे ताट तिने तीन महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं. तिला स्वतःचीच लाज वाटली.

“मरोळला फोन लाव. येते म्हणून सांग.”

“अहो आई, खरंच ऑल गुड...”

“माका नको सांगू गो. ताट सांगतंय.”

“पण सुयोग? आणि इथलं कोण बघणार?”

“सुयोगला मी बघते. आणि इथलं अठरा वर्षं कोण बघत होतं?”

ऋतिका ना वॉव म्हणाली, ना थँक्यू. हात धुऊन, फोन घेऊन अंगणात गेली. बऱ्याच वेळाने आली, पाटावर बसली आणि भाताखालची सुरमई ओढून काढून खाऊ लागली. ताटात काटे तेवढे उरले.

“आई, तुम्ही ओके आहात ना?” तिने बोटं चाटत विचारलं.

“ऑल गुड,” रत्नप्रभा म्हणाली, आणि सुनेची नजर पडायच्या आत स्वतःचं भरलेलं ताट उचलून मोरीकडे गेली.