टोपीखालची गाणी

आत्याच्या वॉकमनला झाकण होतं, पण ते बंद राहायचं नाही, म्हणून त्यावर केसांचं काळं रबर गुंडाळलेलं. चालू करायचं बटण कधीच गळून पडलेलं. उरलेल्या खुंटीला आत्या नखाने असा काही दाब द्यायची, की ते यंत्र फक्त तिचं एकटीचं ऐकायचं. घरात दुसऱ्या कुणी दाबलं तर ढिम्म!

"अगं, हे संग्रहालयाला दे. तिकीट लावून दाखवतील," टकळी म्हणायची.

"आधी तुला देते. न थांबता बोलणारी बाहुली, तिला बघायला जास्त गर्दी होईल," आत्या म्हणायची.

टकळी म्हणजे आत्याची भाची. वय पंधरा, तोंडात तीळ भिजत नाही. शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत ती पहिली आली आणि आपण बोलायला लागलो की लोक चक्क ऐकतात, असा शोध तिला लागला. तेव्हापासून बाईसाहेबांचे पाय जमिनीला लागत नव्हते. दिसेल त्याचा व्हिडिओ करायचा आणि नेटवर टाकायचा. आईच्या फोडणीचा केला, बाबांच्या घोरण्याचा केला. बाबा दोन दिवस बोलले नाहीत.

आत्या बाटल्या तपासायची. काचेच्या कारखान्यात, औषधाच्या बाटल्या. पांढऱ्या उजेडासमोरून पट्ट्यावर बाटल्यांची रांग सरकत जायची आणि टेबलाशी बसलेल्या सहा बायकांनी त्यातली तडा गेलेली, बुडबुडा असलेली बाटली उचलून बाजूला ठेवायची. ऐकायला सोपं. पण तासाभरात डोळे उघडे राहतात आणि माणूस झोपतो. बाटली दिसते, तडा दिसत नाही. महिन्यात तीन खराब बाटल्या पुढे गेल्या की टेबल सुटलं, रवानगी धुण्याच्या खात्यात. तिथे वाफ, ओली फरशी आणि दिवसभर उभं राहणं. आत्याचे गुडघे आधीच संपावर गेलेले. टेबल सुटलं तर आत्या संपली, हे घरात सगळ्यांना माहीत होतं आणि म्हणूनच कुणी ते बोलून दाखवत नव्हतं.

चौदा वर्षांत ते सुटलं नव्हतं, ते गाण्यांमुळे. फोन गेटवरच जमा करावे लागत, कारण त्यात कॅमेरा, त्यात मेसेज. पण वॉकमनमध्ये ना कॅमेरा ना मेसेज. मुकादमबाईंनी आधी डोळे वटारले, मग आत्याच्या महिन्याच्या चुका बघितल्या: शून्य. नियमाच्या कागदात 'फोन' लिहिलंय, वॉकमन लिहिलेला नाही, असा त्यांनी मनाशी निकाल दिला आणि बघून न बघितल्यासारखं केलं. अट एकच. एकाच कानात, टोपीच्या आतून, आणि आवाज अगदी बारीक. रोज सकाळी त्या आत्याच्या पाठीमागे उभ्या राहून कुजबुजल्यासारखं म्हणायच्या, "चहा?" आत्याने "नको" म्हटलं की परीक्षा पास. हळूहळू बाकीच्या पाचजणींनीही माळ्यावरून, कपाटांच्या तळातून आपापली जुनी यंत्रं शोधून काढली. एकीचं तर अंगठ्याएवढं, त्यात अकराच गाणी. शनिवारी कॅसेटची अदलाबदल व्हायची. सहाही टोप्यांखाली गाणी, आणि टेबल सगळ्या कारखान्यात एक नंबर.

ही सगळी गोष्ट आत्याने एका रविवारी सांगितली. टकळीच्या कॅमेऱ्यासमोर.

"आत्या, सेल उन्हात का ठेवतेस?"

"म्हातारे झालेत. ऊन घेतलं की अर्धा तास जास्त चालतात. मीही तशीच."

"आणि कारखान्यात कुणी ओरडत नाही?"

"आमच्या मुकादमबाई म्हणजे देवमाणूस गं. माहीत असून माहीत नसल्यासारखं करतात." आत्याने टोपी घालून, वायर कशी लपवायची तेही करून दाखवलं आणि अशी लाजून हसली, की टकळीला वाटलं, अरे, ही तर सुंदर आहे!

"टाकू ना गं?"

"टाक की. कोण बघतंय म्हातारीला!"

तीन दिवसांत दोन लाख लोकांनी म्हातारीला बघितलं. टकळीने वर्गात पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. 'आत्या फॅन क्लब' निघाला. कुणाला तसाच वॉकमन हवा होता, कुणाला आत्याच हवी होती. आत्या रोज कामावरून आली की चप्पल काढता काढता विचारायची, "आज किती?"

पाचव्या दिवशी तिने विचारलं नाही. चप्पल काढली आणि तशीच आत जाऊन बसली.

"काय झालं?" आईने विचारलं.

"बाटल्या घेणाऱ्या औषध कंपनीने व्हिडिओ बघितला. आमच्या बाटल्या तपासताना तुमच्या बायका गाणी ऐकतात का, म्हणून मोठ्या साहेबांना पत्र आलं." आत्या भिंतीकडे बघून बोलत होती. "सगळ्यांचे वॉकमन गेटवर. मुकादमबाईंना रात्रपाळीला टाकलंय, गोदामात."

"पण तुमच्या चुका तर शून्य आहेत!" टकळी उसळली. "मी दुसरा व्हिडिओ करते. आकडे देते. लोक आपल्या बाजूने आहेत, दोन लाख लोक!"

"बस झालं!" बाबा म्हणाले. "आधीच्या व्हिडिओने घर भरून पावलं."

टकळी थोडीच ऐकते! दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती थेट गोदामाच्या फाटकावर गेली. मुकादमबाई डबा घेऊन पाळीवर येत होत्या.

"तूच ना ती? बस इथे," त्या म्हणाल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाई, मी साहेबांना पत्र लिहिते. सगळं समजावून सांगते. तुम्ही किती चांगल्या..."

"माझ्याबद्दल आता काही चांगलं बोलू नकोस, बाळा. एकदा देवमाणूस म्हणालात, तेवढं पुरलं. साहेबांनी विचारलं, तुम्हाला माहीत होतं? नाही म्हणावं तर तुझी आत्या दोन लाख लोकांसमोर हो म्हणालेली. निवृत्तीला माझी दोनच वर्षं राहिली होती." त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "गुपित राखलं म्हणून चाललं होतं गं. चांगलं होतं म्हणून नव्हे."

वक्तृत्वात पहिली आलेली मुलगी घरापर्यंत एक वाक्य जुळवत आली आणि ते जुळलं नाही.

टेबलाशी पाचजणींनी आत्याशी बोलणं टाकलं. अंगठ्याएवढं यंत्र असलेली तेवढी म्हणाली, "तुला मिरवायचं होतं, मिरवलंस. आमचा काय गुन्हा?" गाण्यांशिवाय, बोलण्याशिवाय आत्या बाटल्या बघत राहिली. पहिल्या आठवड्यात एक बाटली पुढे गेली. दुसऱ्यात दोन. सरळ हिशोब.

धुण्याच्या खात्यातला चौथा दिवस संपवून आत्या घरी आली तेव्हा तिला पायरी चढवेना. आईने बादलीत गरम पाणी दिलं. टकळी खाली बसून तिचे सुजलेले पाय चोळू लागली.

"तिथे वॉकमन चालतो म्हणे," टकळी हळूच म्हणाली. "बाबा सांगत होते."

"चालतो की. धुण्याच्या खात्यात बंदीच नाही. तिथे यंत्रांचा एवढा आवाज आहे, की बाजूची बोंबलली तरी कळत नाही. खुशाल ऐका म्हणाले."

टकळीच्या डोळ्यांतून पाणी बादलीत पडायला लागलं. "आत्या, मला शिव्या दे ना. एकदा तरी दे."

"कशाला? तू विचारलं होतंस आणि मी हो म्हणाले होते. खरं सांगू? वायर लपवायची कशी, ते तू विचारलं नव्हतंस. मीच दाखवलं. चौदा वर्षं मी बाटल्या बघतेय. कुणीतरी मला बघतंय, हे लई गोड लागलं गं. जीभच थांबेना."

"मी काढून टाकते तो व्हिडिओ. आत्ता काढते."

"आता काढून कुणाचं भलं होणार आहे? राहू दे." आत्याने मागे भिंतीला डोकं टेकलं, डोळे मिटले. "लोक काय लिहितायत, ते वाच. मी वाचलंच नाही कधी, नुसते आकडे विचारत बसले."

टकळीने नाक पुसलं, फोन काढला. "एकजण लिहिते, किती गोड आहेत या... एकजण म्हणतो, हा वॉकमन विकणार का?... एकाने नुसती हसरी तोंडं टाकलीत."

"पुढे?"

पुढचं वाचावं की गाळावं, टकळीला कळेना. आत्याने एक डोळा उघडून तिच्याकडे बघितलं, तेव्हा तिने वाचलं. "एक मुलगी लिहिते... मजा आहे बुवा यांची. दिवसभर बसून गाणी ऐकायची आणि वर पगार. असली नोकरी मलाही द्या कुणीतरी."

खाली साडेतीनशे लोकांना ते आवडलं होतं. तो आकडा टकळीने वाचला नाही.

पाणी गार झालं होतं. आत्याने पाय बाहेर काढले नाहीत.

"हं," ती म्हणाली. "पुढचं वाच."