भरितावर ऑलिव्हचं तेल

धरणगावकडच्या शेतात भरीत पार्टी रंगली होती आणि मंजुळाबाईचं डोकं तडकलं होतं. तडकणारच की! नवऱ्याच्या, झुलालच्या हृदयाच्या नसेत नुकतीच स्प्रिंग बसवलेली, आणि दीर योगराज त्याच्या ताटात ऑलिव्हचं तेल असं ओतत होता, जसं शेतात पाणी सोडावं.

जळगावच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं. डालडा, तूप बंद करा, त्याच्या जागी हे तेल बेताने घ्या, कोलेस्टेरॉलला बरं. पण गोळी चुकवायची नाही. आता आमच्याकडे बेत कुणाला कळतो? भरितातून तेल टपकलं नाही तर यजमानाची अब्रू जाते! योगराजने शेंगदाण्याचं तेल होतं तेवढं ठेवलं आणि वरून हे ओतलं.

"भाऊ, गोळ्या फेकी दिन्यात ना? बेस! हाई तेलच दवाई शे."

मंजुळाबाई हातातली भाकर टाकून उठली. गोळ्या फेकल्या? तिला चोरून? ती तोंड उघडणार तेवढ्यात झुलालने छाती धरली आणि तो आडवा झाला. घामाने सदरा ओला, ओठ निळे.

"गॅस शे," म्हणत योगराज तेलाचा डबा त्याच्या तोंडाला लावू लागला.

तिने लाथेने डबा उडवला. "गाडीनी चावी दे!"

"मना भाऊ शे, मी पाही लिसू. तू गप ऱ्हाय!" पंगतीसमोर बाईने लाथ मारली, ते त्याला झोंबलं. त्याने तिच्या कानाखाली वाजवली. ती पडली, तशी झिंज्या धरून फरफटत बांधाकडे नेली. चार पुरुष घास हातात धरून बघत बसले. मेले!

वाटेत पडलेलं वांगी ठेचायचं मुसळ तिच्या हाताला लागलं. तिने ते पडल्या पडल्याच त्याच्या मनगटावर हाणलं. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. तो ओरडत वाकला, तसं उठून दुसरा घाव गुडघ्यावर घातला. तोंडात रक्त घेऊन तिने त्याच्या खिशातून चावी काढली आणि शेजारच्या भाईदासच्या अंगावर भिरकावली.

"चाल, नाहीतर तुनंबी डोकं फोडसू!"

भाईदास पळतच गाडीकडे गेला.

जळगावात डॉक्टरांनी बंद पडलेली नस पुन्हा मोकळी केली. गोळ्या बंद केल्या म्हणून रक्त गोठलं, म्हणाले, आणखी थोडा उशीर झाला असता तर संपलं होतं.

संध्याकाळी झुलाल बोलायला लागला. बायकोचा सुजलेला गाल समोर होता, पण पठ्ठ्याने विचारलं काय?

"तू मना भाऊना हात तोडा?"

मंजुळाबाईने एका हातात गोळी घेतली, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास.

"एकच तोडा. दुसरा शे आजून. बोला, गोळी लेतस का मी परत जाऊ गावले?"

झुलालने मुकाट्याने तोंड उघडलं.