दार चुकलेली धून

मित्रांनो, मी एक जुना बेंजो आहे, आणि ‘जुना’ म्हणालो म्हणून लगेच हळहळू नका! मी मजेत आहे. अगदी मजेत.

तुम्ही मला जवळून पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की असेल. भिवंडीकडच्या गावांत हळद असली की ढोल-ताशाच्या वरती जो आवाज नाचत, लचकत, जरा नाकात बोलत येतो ना, तो माझा. मी म्हणजे एक लांबट लाकडी पेटी. तिच्यावर टाइपरायटरसारखी बटणं, बटणांखाली तारा. डाव्या हाताने बटणं दाबायची आणि उजव्या हातातल्या नखीने तारा छेडायच्या. माझ्या पोटातून एक वायर निघते ती थेट भोंग्याला जाते, म्हणून मी एका गल्लीत वाजलो की चार गल्ल्यांना कळतं. माझं ‘नी’चं बटण अकलोलीच्या एका हळदीत पडलं आणि नाचणाऱ्यांच्या पायांखाली हरवलं. तेव्हापासून तिथे टूथपेस्टचं झाकण बसवलेलं आहे. हसू नका. छान बसतं ते.

माझा जन्म भिवंडी शहरातला. शमसुद्दीनचाचा पॉवरलूमच्या कारखान्यात जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम ठीक करणारे. शुक्रवारी लूम बंद असत, त्या दिवशी चाचा मला घडवायला बसत. सागाची फळी त्यांनी स्वतः तासली. बटणांखालच्या स्प्रिंगा लूमच्या मोडक्या भागांतून निवडल्या. म्हणूनच बहुधा माझ्या अंगात ती खटाखट लय उतरली असावी! तयार झालो तेव्हा चाचांनी मला खारबावच्या केसरीनाथकाकांच्या हातात दिलं आणि म्हणाले, “काका, बस एक बात याद रखना. इसको बजाते रहना. रख दोगे तो तार को जंग खा जाएगी.”

काकांनी ते मनावर घेतलं. ‘सप्तसूर बेंजो पार्टी, खारबाव’ ही त्यांची पार्टी, आणि मी तिचा हिरो. मानकोलीपासून अकलोलीपर्यंत एक मांडव सोडला नाही आम्ही. माझा पहिला सूर निघाला की चुलीपाशी बसलेल्या बायका पदर खोचून उठत. एकदा तर एक आजोबा दवाखान्यातून परस्पर हळदीत आले आणि हाताला सलाइनची पट्टी तशीच ठेवून नाचले. अहाहा, काय ते दिवस!

मला फक्त एका माणसाचा धाक होता. हौसाआत्या. त्या गावच्या धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणाऱ्या. धवले ही आमच्याकडची लग्नाची जुनी गाणी, पिढ्यान् पिढ्या तोंडपाठ चालत आलेली, आणि ती वाद्यांशिवाय गायची. आत्यांनी मांडवात तोंड उघडलं की ढोल बंद, ताशा बंद, मी बंद. एकदा मी चुकून एक सूर जास्त वाजलो, तर त्या भर मांडवात कडाडल्या, “ए केसरी! माजा धवला चालू हाय तवर तुजा डबा बंद ठेव!”

डबा! मला! पण काय करणार, गप्प बसलो.

वर्षं गेली. काकांच्या बोटांना संधिवाताने धरलं आणि मी त्यांच्या पुतण्याच्या, दीपेशच्या गळ्यात आलो. दीपेश दिवसा मानकोलीच्या गोदामात हातात स्कॅनर घेऊन ड्युटी करायचा आणि लगीनसराईत माझ्या बटणांवर बोटं फिरवायचा. काय बोटं त्याची! काकांपेक्षा हलकी, आणि जरा खोडकरही. पण तोंड? तोंड म्हणजे कुलूप. ‘जेवलास का’ विचारलं तरी मान हलवणारा.

त्या कुलपाला मेघाली आवडायची. तिचं घर गावातल्या मोठ्या रस्त्यावर, त्यामुळे प्रत्येक वरात तिच्या दारावरून जायची. दीपेशने काय करावं? त्याने एक धून बांधली. त्याची स्वतःची, कुठल्याच गाण्यातली नाही. मेघालीचं दार आलं की चालू गाणं सोडून तो ती धून वाजवायचा. मग दार मागे पडलं की परत पहिलं गाणं. दोन वर्षं! दोन वर्षं मी त्या दारात जीव ओतून वाजलो, मित्रांनो. ती बाहेर यायची, टाळ्या वाजवायची, मोबाइलवर रीलसुद्धा काढायची. दीपेशला वाटायचं, कळलं तिला. आणि खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायचं.

मग एका रविवारी मेघाली वडिलांबरोबर काकांच्या ओटीवर आली. सुपारी द्यायला, म्हणजे पार्टी ठरवायला. हळद कुणाची? तिचीच! मुलगा डोंबिवलीचा.

दीपेश मला पुसत बसला होता. त्याचा हात माझ्या ‘नी’वर थांबला.

“आणि दीपेशदादा,” मेघाली हसून म्हणाली, “आमच्या दारात येताना वाजवता ना तुम्ही नेहमी, ती तुमच्या पार्टीची धून, ती माझ्या हळदीला वाजवायचीच हं! मला फार आवडते ती.”

दीपेशदादा. तुमच्या पार्टीची धून. एका वाक्यात दोन फटके! दीपेशचे कान टोमॅटोसारखे लाल झाले. ती गेल्यावर त्याने मला एका लग्नात मिळालेल्या टॉवेलात गुंडाळलं आणि माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी ठेवून दिलं.

“काका, मी न्हाय वाजवनार.”

“अरे, सुपारी घेतली हाय आपन!”

“मी न्हाय वाजवनार. कधीच न्हाय.”

काका माळ्याच्या शिडीला टेकून उभे राहिले. “मंग पार्टी बंदच करू,” ते हळूच म्हणाले. “माजी बोटं गेली, तुजं मन गेलं. लोकं डीजे लावतील. कोनाचं काय अडतंय.”

वर अंधारात मी ते ऐकलं. त्या क्षणापुरता मी मजेत नव्हतो, हे कबूल करतो. तीन आठवडे मी तिथे पडून होतो. एक पाल माझ्या बटणांवर झोपायची आणि तिचा पाय नेमका ‘सा’वर पडायचा. पण आवाज निघायचा नाही, कारण तार छेडायला हात नव्हता. चाचांचे शब्द आठवत होते. माझ्या मोठ्या तारेवर तपकिरी ठिपके उमटायला लागले होते.

हळदीच्या दिवशी दुपारी क्षितिजा आली. ही हौसाआत्यांची भाची, लहानपणापासून त्यांच्या मागे बसून धवले शिकलेली. सकाळी बालवाडीत शिकवायची आणि संध्याकाळी मांडवात गायची. तिला विचारायचं होतं की आज धवले कधी आणि बेंजो कधी. काका खालमानेने म्हणाले, “बेंजो न्हाय गो आज.” मग ती सरळ परसात गेली. दीपेश तिथे उगाचच सायकल धूत होता. माळ्याची खिडकी परसाकडे उघडते, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

“का नाही वाजवणार?”

मान हलली असावी.

“मान हलवू नकोस, मी बालवाडीत शिकवते. मला बोलून दाखवायचं असतं.”

“कंटाळा आलाय.”

“खोटं! ती धून पार्टीची नाही. मानकोलीत तू ती कधी वाजवली नाहीस, अकलोलीत नाही, आमच्या गल्लीत तर नाहीच नाही. फक्त मेघालीच्या दारात.”

पाण्याचा पाइप खाली पडल्याचा आवाज आला. “तुला कसं माहीत?”

“माझे कान जागेवर आहेत. मग तिला सांगितलं का नाहीस?”

“वाजवलं ना मी! दोन वर्षं!”

“वाजवलं?” क्षितिजा अशी हसली की शेजारची कोंबडी पळाली. “एक ढोल, दोन ताशे, पुढे पन्नास बायका नाचतायत, पोरं शिट्ट्या मारतायत, आणि त्यातून तिने समजून घ्यायचं? तिला वाटलं तुमच्या पार्टीचा हॉर्न आहे तो!”

आणि मग, मित्रांनो, दीपेश हसला. आधी थोडं, मग मोठ्याने. हसता हसता त्याचा आवाज ओला झाला, तेही मला कळलं. मी त्याचा बेंजो आहे, मला नाही कळणार तर कुणाला?

“धून वाईट नव्हती,” क्षितिजा आता हळू बोलत होती. “दार चुकलं इतकंच. आणि मेघालीला ती आवडते. तिने काही वाईट केलं नाही, दीपेश. मागितलीय ना तिने, मग दे तिला. आहेर समज.”

तासाभराने मला खाली काढलं. टॉवेल सोडला, फुंकर मारली, वायर लावली. पण घाईत त्याने तारा पाहिल्याच नाहीत.

संध्याकाळी आम्ही मेघालीच्या दारात उभे राहिलो. ती हळदीने पिवळीजर्द झाली होती. दीपेशने धून सुरू केली. पहिली ओळ छान गेली. दुसरीच्या मध्यावर, अगदी वरच्या सुरावर, माझी मोठी तार गंजल्या जागी तुटली. ट्यांग!

ढोल थांबला. दीपेश माझ्याकडे बघत राहिला. भोंग्यातून नुसती घरघर. मी शरमेने मेलो.

आणि तेवढ्यात जिथे माझा सूर तुटला होता, बरोबर तिथूनच कुणीतरी तो उचलला. क्षितिजा! ती आत्यांच्या शेजारून उठली होती आणि माझ्या धुनेवर शब्द घालून गात होती.

हलद वाटली गो, दारान दाटली,
लेक ही चालली, गावाची लाडली…

तिथेच, उभ्या उभ्या जुळवलेले शब्द. धवल्याची चाल सोडून बेंजोची धून! मी आत्यांकडे पाहिलं. त्यांच्या भुवया पार टाळूला लागल्या होत्या. आता दीपेशने गप्प बसायला हवं होतं, तोच नियम. पण त्याने नखी उचलली आणि माझ्या उरलेल्या बारीक तारांवर, अगदी हलकं, तिच्या आवाजाच्या खाली खाली वाजवायला सुरुवात केली. भोंगा त्याने बंद करून टाकला होता. आयुष्यात पहिल्यांदा मी गाण्याच्या वर नाही, गाण्याच्या मागे चाललो. फार बरं वाटलं.

गाणं संपलं. मेघाली रडत होती, हसतही होती. तिने दीपेशला हळद लावली आणि म्हणाली, “दादा, आज तर बेस्टच वाजवलंत.” आणि काय सांगू, या वेळी त्याचे कान लाल झाले नाहीत.

हौसाआत्या काठी टेकत माझ्यापाशी आल्या. मी अंग चोरलं. त्यांनी माझ्या टूथपेस्टच्या झाकणावर बोट ठेवलं. “डबा न्हाय हा,” त्या म्हणाल्या. “गातंय बरा.”

पार्टी बंद झाली नाही, हे वेगळं सांगायला नकोच. दीपेशने नव्या तारा आणल्या. पावसाळाभर तो दर शुक्रवारी मला घेऊन आत्यांच्या ओटीवर जाऊ लागला, धवल्यांच्या चाली शिकायला. म्हणजे असं तो सांगायचा! तिथे क्षितिजा आणि तो नुसते भांडायचे.

“इथे सूर खेचतोस तू.”

“तू श्वास चुकीच्या जागी घेतेस.”

“श्वास माझा आहे, मी कुठेही घेईन!”

आत्या मध्ये बसून पान चघळत. मला तर ती भांडणं गाण्याइतकीच आवडायची.

तुळशीचं लग्न झालं आणि लगीनसराई सुरू झाली. पहिलीच वरात गावातल्या प्रितेशची. ती आत्यांच्या गल्लीत वळली तेव्हा क्षितिजा दारात उभी होती. मी तयार झालो. मला वाटलं, आता वाजवणार हा धून! मी तारा ताणून बसलो.

पण दीपेशने पट्टा गळ्यातून काढला, मला काकांच्या हातात दिलं आणि तो तिच्याकडे चालत गेला. रिकाम्या हातांनी. ते कुलूप!

ढोल जोरात चालू होता. तो काहीतरी म्हणाला.

“काय?” क्षितिजा ओरडली.

तो पुन्हा म्हणाला.

“ऐकू येत नाही!”

दीपेशने छाती भरून श्वास घेतला. आणि ढोलवाल्या सागरने, देव त्याचं भलं करो, नेमका तेव्हाच ढोल थांबवला.

“तू मना आवडतेस!”

सगळ्या गल्लीने ऐकलं. सजवलेल्या गाडीतला नवरदेव काच खाली करून बघायला लागला. आत्या ओटीवरून म्हणाल्या, “आयकलंस ना गो पोरी? का परत बोलवू त्याच्याकडून?”

“ऐकलं.” क्षितिजाचे कान आता टोमॅटो झाले होते. “पण धून कुठाय? आधी वाजव, मग उत्तर देते.”

दीपेशने मला गळ्यात घातलं. एकही सूर चुकला नाही. दुसऱ्या ओळीच्या मध्यावर, जिथे माझी तार तुटली होती, तिथे तो मुद्दाम थांबला. आणि तिथूनच क्षितिजाने गायला सुरुवात केली. उत्तर सगळ्यांना कळलं. मलाही!

आता मी माळ्यावर नसतो. ओटीवरच्या फडताळात असतो, हाताला येईन असा. दर शुक्रवारी माझ्या तारांना तेलाचं बोट लागतं.

मित्रांनो, तुमच्याही घरात माझ्यासारखं कुणीतरी टॉवेलात गुंडाळून पडलं असेल. त्याला खाली काढा, पुसा, रोज नाही तर आठवड्यातून एकदा तरी हात लावा. गंज एका दिवसात चढत नाही, पण चढतो. आणि कुणाला मनातलं सांगायचं असेल तर ते ओझं आमच्या गळ्यात घालू नका. आम्ही जीव तोडून वाजू, पण बोलायचं तुम्हालाच आहे.

आणि हो, टूथपेस्टचं झाकण फेकू नका. कुणाचा ‘नी’ कुठे हरवलेला असेल, काय सांगता येतं?