मुकी खेचरं

पडद्यावर पलटण जंगलातून चालू लागली, की खालच्या अंधारात ती एकटी चालायची. सिनेमातली पावलं बहुतेक वेळा नटांची नसतातच. चित्रीकरण संपल्यावर बंद खोलीत मायक्रोफोनपुढे कुणीतरी ती नव्याने वाजवतं. पावलं, पाचोळा, लगामाची कुरकुर, जनावरांचे आवाज, सगळं तीच करायची.

आज तिने वडिलांना मुद्दाम सोबत आणलं होतं. सिनेमा ज्या लढाईवर होता, तिच्यात ते खेचरवाले होते. दारूगोळा लादलेली खेचरं घेऊन शत्रूच्या पिछाडीच्या जंगलात शिरलेले. "बाबा, तुमचीच गोष्ट आहे," असं म्हणत तिने त्यांना इस्त्रीचा सदरा घालायला लावला होता. पहिल्याच पाटीवर ठसठशीत अक्षरं आली, 'सत्य घटनेवर आधारित', आणि बाबा सरसावून बसले.

मग तो प्रसंग आला. शत्रूची गस्त दहा पावलांवर, नायक झुडपात, आणि शेजारचं खेचर तोंड वासतं. नायक त्या तोंडात आपली टोपी कोंबतो.

"इथे जोरात रेकायला हवं," दिग्दर्शक म्हणाला. "लोक हसून लोळले पाहिजेत."

"आमची खेचरं ओरडत नव्हती," बाबा म्हणाले.

"शहाणी होती वाटतं!"

"नाही. त्यांचा आवाज काढून टाकला होता." पोराला गणित समजावून सांगावं तसे बाबा सावकाश सांगू लागले. "ओरडली तर शत्रूला पत्ता लागणार. म्हणून निघण्याआधी जनावरांचे डॉक्टर त्यांना भूल द्यायचे आणि गळ्यातले स्वरतंतू कापायचे. डोकं मी धरायचो. माझ्याकडची मादी फार ओरडायची, तिला आम्ही बडबडी म्हणायचो. शुद्धीवर आली, मला बघून तोंड उघडलं. नुसती हवा आली. पुन्हा उघडलं. दिवसभर उघडत होती."

तिने हे जन्मात ऐकलं नव्हतं.

दिग्दर्शकाने घड्याळ बघितलं. "वाईट झालं, आजोबा. पण हा सिनेमा आहे. ताई, घ्या आवाज."

"नाही घेणार," ती म्हणाली. "हवाच असेल तर पाटीवरचं 'सत्य' पुसा."

"पाटीच्या जोरावरच तर सिनेमा चालणार आहे! एका खेचरापायी एवढा तमाशा? सरका, मीच ओरडतो." तो तरातरा मायक्रोफोनपुढे गेला आणि डोळे मिटून तीनदा रेकला. काचेपलीकडचा ध्वनिमुद्रक एरवी कशालाही फिदीफिदी हसायचा. आता तो खाली मान घालून बटणं न्याहाळत बसला.

"मग तुमचं खेचर कसं करायचं, दाखवा तरी!" दिग्दर्शक बाबांवर उखडला.

बाबा उठले, मायक्रोफोनपाशी गेले आणि तोंड उघडलं. यंत्रावरचा काटा जेमतेम थरथरला.

"हे कुणाला ऐकू येणार?"

"ऐकू जाऊ नये म्हणूनच कापलं होतं ना!" ती कडाडली. "त्यांच्या मुकेपणावर तुमचे नायक जगले. गरज होती तेव्हा त्यांचा आवाज कापला गेला, आता हसायला हवा म्हणून तुम्ही परत चिकटवताय? लाज वाटत नाही?"

"माझाच आवाज राहील. आणि पाटीही राहील."

"मग मी राहत नाही." तिने बाबांचा हात धरला आणि दार आपटून बाहेर पडली.

जिन्यात ती बाबांकडे वळली. "बाबा, तुम्हाला राग कसा येत नाही?"

"येतो की!" बाबा कठडा धरून थांबले. "परत आलो तेव्हा पदकं वाटली, भाषणं झाली. खेचरांचं कुणीतरी विचारेल, म्हणून मी शेवटपर्यंत बसून होतो. कुणी नाही विचारलं. इतक्या वर्षांनी विचारलं, तर ते हसायला."

"मी विचारते. कापण्याआधी बडबडी कशी ओरडायची?"

"इथे?"

"इथेच."

बाबांनी मान वर केली, छाती भरून घेतली आणि ओरडले. आधी उंच, घोड्यासारखं. मग तो आवाज तुटत, घोगरा होत खाली आला आणि चारही मजल्यांवर घुमला. पटापट दारं उघडली. कुणीतरी तोंडावर हात नेला.

"हसायचं नाही!" तिने वर बघून दरडावलं. "बाबा, पुन्हा."