टाकीच्या झाकणावरचा शेंदूर

लग्नाला जमत नाहीत एवढी माणसं त्या शुक्रवारी इंदापूरच्या बाजूच्या धक्क्यावर जमली होती. आणि कशासाठी? तर गेणूतात्याच्या होडीचं म्हातारं मशीन बघायला! धरणाच्या फुगवट्यातून पलीकडच्या वाडीची माणसं ने-आण करणारी ती एकच मशीनची होडी. दसऱ्यापासून तिला खोडच लागली होती. वाडीवरून निघायची झोकात, आणि निम्म्या पाण्यात, जिथं जुनं गाव बुडालं होतं नेमकं तिथं, मशीन आचके देऊन बंद! मग तात्यांनी वल्हं मारत धक्का गाठायचा.

धक्क्यावर श्रीपती महाराज तयारच असायचे.

"आई रुसलीय!" महाराज गरजले. "तुमी वर येऊन घरं बांधली आन् तिला ठिवली पाण्याखाली. गप बसंल व्हय ती? मशीनचा पंखा धरती खालनं, पंखा!"

बायकांनी पदर तोंडाला लावले. मूर्ती वर आणली होती, पण देवीचा मूळचा तांदळा, तो शेंदूर लावलेला पाषाण, जुन्या देवळातच राहिला होता. ती बोच प्रत्येकाच्या मनात होती, आणि महाराज बरोबर तिथंच बोट घालत होते.

मशीनच्या डोक्यावर पेट्रोलची छोटी टाकी होती. महाराजांनी तिचं झाकण फिरवून काढलं, आत चिमूटभर अंगारा टाकला, झाकण लावलं आणि वरून तेलात कालवलेला शेंदूर चांगला थापला. "पेट्रोलसुदिक मीच भरीन. ह्या झाकणाला माझ्याबिगर कुणाचा हात लागला, तर होडी उलथी झालीच म्हणून समजा! वढ रं दोरी!"

गेणूतात्यांनी दोरी ओढली. भर्रर्र! मशीन सुरू. "आईचा उदो उदो!" म्हणत नारळ फुटले.

दिशा सिस्टर लसींचा डबा घेऊन होडीकडे निघाली, तसे महाराज आडवे झाले. ती वाडीच्या उपकेंद्रातली नर्स. "ही बाई दारोदार बाळंतपणं करती. इटाळाचे हात! हिनं होडीत पाय ठेवायचा न्हाय." दिशाच्या घरी देव्हारा नव्हता, बुद्धाची मूर्ती होती. ते महाराज बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती, सगळ्यांना कळलं.

दिशाला वाटलं, ज्यांच्या लेकरांची नाळ मी कापली त्यांच्यातला एकजण तरी बोलेल. कुणी बोललं नाही. ती एसटीनं लांबचा वळसा घालून वाडीत गेली.

दिवाळीनंतर तात्यांची लेक प्रतिक्षा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली. दिशानं आधीच सांगितलं होतं, "तात्या, हिच्या अंगात रक्त नाही. इंदापूरला नेऊन ठेवा." तात्यांनी महाराजांना विचारलं. महाराजांनी पंचांग बघितलं, आणि झालं, पोर घरीच राहिली.

बाळ सुखरूप झालं, पण प्रतिक्षाचं रक्त काही थांबेना. दिशानं होतं तेवढं सगळं केलं, सलाइन लावलं आणि म्हणाली, "होडी काढा. रस्त्याच्या वळशाला वेळ नाही. मी बरोबर येणार." तात्या घुटमळले. प्रतिक्षा क्षीण आवाजात म्हणाली, "तात्या, त्या असल्या तरच मी जाईन." मग मात्र तात्यांचा नाइलाज झाला.

भर दुपारी होडी निघाली. निम्म्या पाण्यात मशीननं आचके दिले आणि गपगार झालं.

"बाई, तुमी चढलात म्हणून!" तात्या ओरडले. त्यांनी वल्हं उचललं. समोरून वारा असा होता की होडी जागची हलेना.

तेवढ्यात दिशाचं लक्ष सलाइनकडे गेलं. थेंब थांबले होते. काचेची बाटली, तिच्या बुचात हवा आत जायला दुसरी सुई टोचावी लागते. गडबडीत ती निसटली होती. दिशानं सुई पुन्हा टोचली. बाटलीत बुडबुडे उठले, थेंब सुरू झाले. आणि तिची नजर टाकीच्या झाकणावर खिळली. शेंदराचा हा एवढा जाड थर! अहो, ह्या झाकणाला भोक असेल की! हवा आत गेली नाही तर पेट्रोल खाली उतरणार कसं?

"तात्या, झाकण उघडा!"

"हात लावू नका! पोर बुडवाल माझी!"

तात्यांनी वल्हं आडवं धरलं. दिशानं पाया पडून विनवलं, शिव्या दिल्या, पुन्हा विनवलं. शेवटी प्रतिक्षाची मान कलली तशी तिनं त्यांना ढकललं आणि झाकण फिरवलं. फुस्स करून हवा आत गेली. तिनं नखानं शेंदूर खरवडला. खाली बारीकसं भोक निघालं. झाकण लावून तिनं दोरी ओढली, पुन्हा ओढली. मशीन सुरू झालं.

धक्का दिसायला लागला, तेव्हा प्रतिक्षाची नाडी लागत नव्हती.

पुढच्या शुक्रवारी दिशा सलाइनची बाटली घेऊन धक्क्यावर उभी राहिली. एक सुई टोचून बाटली उलटी धरली. धार आली, मंदावली, थांबली. दुसरी सुई टोचली, धार पुन्हा सुरू. "बघा. टाकीचंही असंच आहे. दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीच्या पूजेत तात्यांनी हौसेनं झाकणावर शेंदूर लावला आणि भोक बुजलं. धक्क्यावरून वाडीला जाऊन परत निम्म्या पाण्यात येईपर्यंत टाकीतली हवा विरळ होते, मशीन मरतं. महाराज झाकण उघडतात, हवा आत जाते, मशीन सुरू! मग पुन्हा शेंदूर थापून भोक बुजवतात. हे महाराज बारामतीला इंजिनांच्या गॅरेजात कामाला होते. यांना हे ठाऊक नसेल?"

महाराज हसले. "बाटली औषधाची, मशीन आईचं. बाटलीचं मशीनला लावू नगा!" आणि खरं सांगतो, माना डोलल्या हो! डोळ्यांदेखत दाखवलं तरी डोलल्या.

गेणूतात्या पुढे आले. चेहरा सुकून गेला होता. "बाई, तुमचं खरं धरलं तर माझी पोर मीच मारली. म्या शेंदूर लावला, म्या वल्हं आडवं धरलं. न्हाय. आईनंच नेली तिला."

दिशाचं भांडायचं बळच गेलं. गर्दी पांगायला लागली, तशी ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली, "आईनं नेली म्हणा. मला खोटं म्हणा. होडीत घेऊ नका. फक्त त्या झाकणाचं भोक मोकळं ठेवा. वाडीतल्या आक्काबाईंच्या सुनेला सातवा महिना लागलाय."