तळपायाचे कान

गुड फ्रायडेच्या भर दुपारी मेल्चोर वैदूच्या, खांबांवर उभ्या बांबूच्या झोपडीत सगळी वाडी लोटली होती. बहिऱ्या बर्तिंगच्या दोन्ही कानांत ओल्या कापसाचे बोळे, बोळ्यांत तांब्याच्या तारा, आणि तारा गेलेल्या वेदीवरच्या जांभळ्या कापडाखाली. मेल्चोरनं कापडाखाली हात घातला मात्र, बर्तिंगचं धूड होडीत पडलेल्या माशासारखं फडफडलं. जीभ चावली गेली. हनुवटीवर रक्त ओघळलं.

"आवाज!" तो किंचाळला. "तेल तडतडतंय कढईत! ऐकू येतंय!"

"तेल नव्हे रे लेकरा, देवदूत बोलताहेत!" मेल्चोर गर्जला. "आज स्वर्गातून वीज सुटते. मीटर नाही, बिल नाही, सुरी तर नाहीच नाही!"

त्यानं बर्तिंगला पाठमोरा उभा केला. "बर्तिंग, वळ!"

बर्तिंग वळला. पुन्हा पाठमोरा, पुन्हा हाक, पुन्हा वळला. बायका रडायला लागल्या. त्या बेटावर मासे मारायला बाटलीबॉम्ब फेकत. घरटी एक तरी माणूस बहिरा होता.

बिबियाना कोपऱ्यात अनवाणी उभी होती. प्रभूच्या यातनांचं गाणं तीन दिवस गाऊन तिचा गळा सोलून निघाला होता. समोर तिचा लेक एस्तेबान, त्याच्या कडेवर त्याची पोर, सहा वर्षांची नेनिंग. दोन वर्षांपूर्वी त्यानं फेकलेली बाटली होडीलगतच फुटली. त्याची दोन बोटं गेली, पोरीचे दोन्ही कान गेले.

सेबू शहरातल्या डॉक्टरीणबाईंनी नेनिंगच्या ऑपरेशनला येत्या मंगळवारची तारीख दिली होती. "आवाज पकडणाऱ्या पेशी मेल्यात, आजी," त्या म्हणाल्या होत्या. "मागची नस अजून जिवंत आहे. पण काम नसलं की तीही हळूहळू वाळते. आम्ही आत बारीक तार बसवतो, ती नसेला मोजून मापून वीज देते. त्यानं नस जास्त टिकते का, यावर अजून शोध चालू आहे. पण ऐकायला नस लागतेच. ती जपा."

आज सकाळीच एस्तेबाननं ते तारखेचं कार्ड टराटरा फाडलं होतं. "पोरीची कवटी फोडू देणार नाही!"

"बर्तिंग, वळ!"

बिबियानाच्या तळपायाला हादरा बसला. हाकेबरोबरच मेल्चोरची टाच पायाखालच्या बांबूवर आपटली होती. तिला म्हातारा तासियो आठवला. ठार बहिरा. दरवर्षी तिच्या घरात बांबूच्या जमिनीवर बसून गाण्याला चोख ताल धरायचा. यंदा गाणं चर्चच्या सिमेंटवर झालं, तर म्हाताऱ्याला एकही ठेका सापडला नाही. बापडा रडला होता.

"आता ही चिमणी!" मेल्चोरनं नेनिंगच्या कानात बोळा कोंबला.

बिबियानानं झेप घेऊन तारा उपटल्या. "आधी बर्तिंगला खाली वाळूत ने. तिथं हाक मार."

"आजी, वाळूत शक्ती उतरत नाही."

"का रे? तुझे देवदूत बांबूपुरतेच का?"

"आई, मध्ये पडू नकोस!" एस्तेबाननं तिला ढकललं. ती खांबावर आदळली, कपाळ फुटलं. मग तिनं ओढणीनं रक्त पुसलं आणि बर्तिंगचा हात धरून त्याला जिन्यावरून खाली नेलं. समुद्राकडे तोंड करून वाळूत उभा केला.

"मार हाक," ती म्हणाली.

सगळ्यांच्या नजरा मेल्चोरवर. "बर्तिंग, वळ!" त्यानं टाच आपटली, वाळूनं ती गिळली. बर्तिंग लाटा बघत राहिला. मग सारी वाडी ओरडली, कुणी वल्ह्यानं डेगची बडवली. बर्तिंग ढिम्म. शेवटी तो आपणच मागे बघून हसला आणि म्हणाला, "कधी हाक मारणार?"

एस्तेबाननं पोरीला वाळूत ठेवलं आणि धावत वर जाऊन वेदीचं कापड फाडलं. खाली बॅटरी आणि तारेच्या वेटोळ्यांची पेटी. ओढ्यात विजेचा झटका देऊन मासे बेशुद्ध करायची. त्यानं खाली येऊन पहिल्या ठोशात मेल्चोरचे दात पाडले. दुसऱ्या ठोशाला नाक गेलं. वल्ही उगारली गेली. "तारा लावा याच्याच कानाला!" गर्दी ओरडली.

बिबियाना मेल्चोरच्या अंगावर आडवी झाली. "खबरदार! गर्दीनं मारलेल्या एकाचं गाणं तीन दिवस गातेय मी. दुसऱ्याचं गाणार नाही! पोलिसांकडे द्या त्याला."

वल्ही खाली आली. ती धापा टाकत उठली.

"वीज खरी आहे, बाबांनो. बर्तिंगला तडतड ऐकू आली तीही खरी असेल. पण ते देवदूत नव्हते, मार खाऊन नस ओरडत होती. डॉक्टरीणबाई तीच वीज चिमटीनं मोजून देतात. देवाला माना, मी मरेपर्यंत मानीन. पण देवाच्या नावानं कुणी चमत्कार दाखवला, तर आधी त्याला वाळूत उतरवा. खरा असेल तर तिथंही टिकेल."

एस्तेबान गुडघ्यांवर बसला होता. "बाटली मीच फेकली होती, आई."

"ठाऊक आहे." तिनं नेनिंगच्या कानातला बोळा अलगद काढला. "मंगळवारची पहिली बोट पकडायचीय. ऊठ, घरी जाऊन कार्डाचे तुकडे गोळा कर."